म्हाताऱ्या कुत्र्यांचे शास्त्रीबुवा

विनायकशास्त्रींच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या वेदसेवेवर लिहावे, कुत्र्यांचा उल्लेख टाळावा, असे गौरवसमितीने मला कळवले आहे. वेदांतले मला काही कळत नाही. मी कॉन्व्हेंटात शिकले आणि जन्मभर मुलींना भूगोल शिकवला. शास्त्रीबुवांची माझी ओळख झाली ती कुत्र्यामुळेच. तेव्हा समितीने हा लेख छापावा, नाहीतर परत पाठवावा.

मला पेन्शन लागून वर्ष झाले होते. काशीतल्या रामघाटावरचे माझे दार दूधवाल्याखेरीज कोणी वाजवत नसे. एका दुपारी शास्त्रीबुवा आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. माझ्या घरचे पाणी त्यांना चालणार नाही हे ठाऊक असल्याने मी विचारलेही नाही.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या इंग्रजीचा धर्मकार्याला उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. पण एक कुत्रा मरायला टेकलाय आणि त्याला मराठी कळत नाही."

नदीपलीकडे रामनगरात त्यांचा एक जुना गोठा आहे. वैश्वदेवानंतर कुत्र्याचा घास आपण सगळेच बाहेर ठेवतो आणि दार लावून जेवायला बसतो. शास्त्रीबुवांनी एकदा दार लावले नाही. दात पडलेल्या एका कुत्रीचा घास तरण्या कुत्र्यांनी पळवलेला त्यांनी पाहिला. "टाकला म्हणजे पोचला असं नाही," एवढेच ते सांगतात. दुसऱ्या दिवसापासून ते मऊ भात घेऊन तिच्यापाशी बसू लागले. मग लोक आपली म्हातारी कुत्री त्यांच्याच दारी सोडू लागले, म्हणून गोठा. या पापासाठी वैदिकांच्या वसंतपूजेच्या जेवणात बारा वर्षे त्यांचे पान पंक्तीबाहेर मांडले गेले. मांडणाऱ्यांपैकी तिघे आज गौरवसमितीत आहेत.

मी नावेने पलीकडे गेले. विलायतेला परतलेल्या कुणा साहेबाने मागे टाकलेला तो कुत्रा, तोंड पांढरे झालेला, भातासमोर ताठ बसला होता. चार दिवस अन्नाला तोंड लावले नव्हते. शास्त्रीबुवांना वाटले, हा देह सोडायला प्रायोपवेशन करतो आहे. म्हणून ते त्याच्याजवळ बसून रोज सूक्ते म्हणत होते. कुत्र्याच्या तोंडून लाळ गळत होती. मला हसूही आले आणि रागही. कॉन्व्हेंटात प्रार्थना संपल्यावर मदर आम्हां मुलींना ज्या दोन इंग्रजी शब्दांनी जेवायची परवानगी देत, तेच शब्द मी म्हटले. पान क्षणात लख्ख झाले.

शास्त्रीबुवांनी ते रिकामे पान उचलले. "म्हणजे हा हुकमाची वाट पाहत होता, आणि मी त्याला मंत्र ऐकवत होतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "बाई, याच्याशी रोज दोन वेळा कोणीतरी बोलायला हवं."

बोलायला मलाही कोणी नव्हते. हे त्यांनी कसे ओळखले ते मी कधी विचारले नाही.

तो कुत्रा माझ्याकडे दोन हिवाळे राहिला. गेला त्या दिवशी शास्त्रीबुवा आले आणि प्रथमच उंबरा ओलांडून आत बसले. त्यांनी माझ्या हातचे पाणी मागून घेतले आणि प्यायले. नंतर दर एकादशीला ते येऊ लागले. दूधवाल्याखेरीज माझे दार वाजवणारे तेवढे एकच.

हल्ली ते थकले आहेत. गोठ्यात तीनच कुत्री उरली होती. "यांच्या आधी मी जाता कामा नये," असे ते म्हणतात, आणि ते शब्दाचे पक्के आहेत. काशीत देह ठेवायला लोक दुरून येतात. शास्त्रीबुवांना मात्र तेवढी सवड मिळू द्यायची नाही, असे मी ठरवले आहे. समितीने त्यांना शाल द्यावी. मी गेल्या सोमवारी एक आंधळी कुत्री नावेतून त्यांच्याकडे पोचवली. तिचे दात शाबूत आहेत. ती बरीच वर्षे काढील, आणि शास्त्रीबुवांनाही काढावी लागतील. पुढची मी शोधूनच ठेवली आहे.