एक माणूस, दोन मस्टर

फॉर्मवर फक्त सही राहिली होती. बडे बाबूंनी पेन उघडून वैशालीताईंच्या पुढे धरलं होतं आणि माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या होत्या. म्हणजे, मॅडम, तुम्ही पण काही बोला.

मी स्क्रीनकडे पाहत राहिले.

भंडारा जिल्ह्यातल्या एका बी.एड. कॉलेजच्या ॲडमिशन काउंटरवर माझं ते पहिलंच वर्ष होतं. बडे बाबू म्हणजे आमचे हेड क्लार्क. आमच्याकडे हेड क्लार्कला नावाने कोणी बोलावत नाही. कॉलेजला एम.एड.ही होतं आणि त्याच्या जागा भरत नव्हत्या. सरकारी यादीतून प्रवेश देण्याच्या फेऱ्या संपल्या की उरलेल्या जागा कॉलेजला स्वतः भरता येतात. त्या आठवड्यात आम्ही तेच करत होतो.

"पहिले गोंदियापासून पोरं यायची," बडे बाबू सांगायचे. "जिल्हा तुटला, तिकडचे तिकडेच राहू लागले. आता एकेका ॲडमिशनसाठी फोन करा लागते."

वैशालीताई चिखल्याच्या. वडील तिथल्या खदानीतून रिटायर झालेले. त्या स्वतः बी.ए., बी.एड. नाकाडोंगरीकडच्या एका खाजगी हायस्कूलमध्ये सहा वर्षं शिकवत होत्या. शाळा नुकतीच अनुदानावर येत होती. अशा वेळी प्रत्येक शिक्षकाची फाइल शिक्षण विभागाकडे जाते आणि त्या माणसाला त्या पदावर सरकारची मंजुरी मिळते. त्याला वैयक्तिक मान्यता म्हणतात. ती मिळाली की नोकरी पक्की. नाही मिळाली तर सहा वर्षं शिकवलं काय, नाही शिकवलं काय.

त्यांची फाइल जायची होती. त्याच वेळी त्यांना पुढेही शिकायचं होतं. पटसंख्या कमी झाली की शिक्षक जास्त ठरतात, हे त्यांनी शेजारच्या शाळेत पाहिलं होतं. हाताशी दुसरं काहीतरी असावं, असं त्यांना वाटत होतं.

"शाळा सोडा नाही लागणार ना?" त्यांनी पेन हातात घेऊन विचारलं.

"कायले सोडाल?" बडे बाबू हसले. "नॉन-अटेंडिंग करून टाकू. परीक्षेले या, प्रॅक्टिकलले तोंड दाखवा, बाकी आम्ही आहोतच."

हा शब्द आमच्याकडे सर्रास चालतो. नियमात तो कुठेच नाही. एम.एड. रेग्युलर कोर्स आहे. दोन वर्षं वर्गात बसायचं, रोजची हजेरी लागते, इंटर्नशिप असते. नॉन-अटेंडिंग म्हणजे विद्यार्थी घरी आणि त्याची हजेरी कॉलेजात. महिन्यातून एकदा येऊन सगळ्या रकान्यांत सह्या करायच्या. पेन बदलत जायचं, म्हणजे शाई एकसारखी दिसत नाही. मी हे पाहिलं होतं. कोणाला काही बोलले नव्हते.

कागद स्कॅन करताना वैशालीताईंचं अनुभवाचं प्रमाणपत्र हातात आलं. 'पूर्णवेळ सहायक शिक्षिका, सेवेत खंड नाही.' मान्यतेच्या फाइलला हाच कागद लागणार होता, पुढच्या दोन वर्षांचाही. आणि आमच्याकडून निघणार होता दुसरा कागद: पूर्णवेळ विद्यार्थिनी, त्याच दोन वर्षांची.

दोन्ही कागदांवर सही-शिक्का असणार होता. फाइलला शिक्षणाचे सगळे कागद लावावे लागतात, म्हणून दोन्ही शिक्षण विभागात एकाच टेबलावर येणार होते. फाइल तपासणाऱ्याला फक्त तारखा वाचता यायला हव्यात.

हे तोंडाने सांगायला दोन वाक्यं पुरली असती. माझ्याने झालं नाही. मी इंग्लिश मीडियमची. वाक्य आधी मनात जुळवते, मग बोलते, आणि तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. ऑफिसात याला घमंड म्हणायचे.

मी म्हणाले, "ताई, बी.एड.च्या मार्कशीटचं झेरॉक्स नाहीये. उद्या घेऊन या. सही उद्याच करा."

झेरॉक्स होतं. माझ्या कोपराखाली.

त्या गेल्यावर बडे बाबूंनी विचारलं, "काहून परत पाठवलं, मॅडम? पाखरू हातचं गेलं तं?"

"येतील उद्या."

मग मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. सर शांत माणूस. त्यांनी माझं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"आपण कोणाला चुकीचं सांगतो का?"

"नाही, सर."

"मग? जेवढं विचारतात तेवढं सांगायचं. दहा जागा रिकाम्या राहिल्या तर कोर्स बंद होईल. कोर्स बंद झाला तर पहिले कोण जाईल, माहीत आहे ना?"

माहीत होतं. सगळ्यात शेवटी आलेली मीच होते.

त्या संध्याकाळी घरी मी एक कागद तयार केला. कोऱ्या कागदावर दोन आडव्या रेघा मारल्या. वरच्या रेघेवर लिहिलं, 'शाळेचं मस्टर'. खालच्या रेघेवर, 'एम.एड.चं मस्टर'. दोन्हींवर महिने टाकले. मग जून ते एप्रिल, जिथे दोन्हीकडे हजेरी लागणार होती, तिथे पेन्सिलने उभ्या रेषा ओढल्या. सगळा कागद उभ्या रेषांनी भरून गेला.

दुसऱ्या दिवशी वैशालीताई वडिलांसोबत आल्या. चिखल्याहून दोन गाड्या बदलून, शाळेतून रजा टाकून. चेहऱ्यावर राग दिसत होता, आणि तो बरोबरच होता. वडील उंच, वाळके, डोक्याला रुमाल. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी सगळ्यात आधी काउंटरवरची फाइल स्वतःकडे ओढली.

एकेक कागद उलटत ते थांबले.

"मॅडम, हे झेरॉक्स तं लागलेलं आहे."

माझा हात ड्रॉवरवर गेला.

"माझी पोरगी दोन घंटे उभी राहून आली. हे काल पण होतं का?"

"होतं," मी म्हणाले.

"मंग कायले बोलावलं?"

बडे बाबू आपल्या टेबलावरून उठायला लागले होते. मला वाक्य जुळवायला वेळ नव्हता. मी ड्रॉवरमधून कागद काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी तो हातभर लांब धरून वाचला. मग जवळ आणला. मग वैशालीताईंना विचारलं, "तुह्यं नाव दोन्ही मस्टरवर राहीन?"

"बाबा, सगळेच करतात. आमच्या शाळेतले दोघं तसेच झाले."

"मी सगळ्यायचं नाई विचारलं."

"हो. राहीन."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि वरून तळहात फिरवला.

"आमच्या खदानीत खाली जायच्या पहिले टोकन टांगा लागे," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. "वर आला का काढून घ्याचं. टोकन टांगलेलं हाये म्हंजे मानूस खाली हाये. एक डाव माह्या एका दोस्तानं दुसऱ्याच्या हातून टोकन टांगलं अन् सोता आंबागडले लग्नात गेला. हाजरी लागली. शिफ्ट सुटली, सगळे वर आले. टोकन एक टांगलेलंच. आता काय करता? परत खाली उतरलो आम्ही. बॅटरी लावून हरेक गल्लीत त्याले हाका मारत फिरलो. त्याची बायको फाटकावर येऊन बसली, दोन लेकरं घेऊन."

"आणि तो?" मी विचारलं.

"तो बुंदी खाऊन राहिला होता."

बडे बाबू हसले. म्हातारे हसले नाहीत.

"त्या बाईनं मंग वरीसभर त्याच्याशी बात नाई केली. मानूस जिथं हाये तिथंच त्याचं टोकन पायजे, मॅडम. तुमच्या कागदावर माही पोरगी दोन जागी टांगलेली हाये."

"काका, ती खदान होती," बडे बाबू म्हणाले. "हे कॉलेज आहे. इथं कोणी दबून मरत नाही."

"सहा सालाची नोकरी मरते ना, बाबूसाहेब."

वैशालीताईंचे डोळे भरून आले होते, पण आवाज कडक होता. "मग मी काय करू? शाळा सोडून दोन वर्षं इथं बसू? का शिकूच नको? तेवढं तं सांगा मॅडम, तुम्ही रेघा मारून दिल्या फक्त!"

ते मला लागलं. अडथळा दाखवून मी थांबले होते.

मग मी बोलले. अडखळत बोलले, पण पूर्ण बोलले. एम.एड. ही शिक्षकांना शिकवणाऱ्याची पदवी आहे. आधी बी.एड. लागतं आणि वर्गात बसावंच लागतं. दुसरी आहे एम.ए. एज्युकेशन. त्याला कोणतीही पदवी चालते. नुसती तीच केली तर शाळेत शिक्षक होता येत नाही, आणि इथेच खूप मुलं फसतात. पण ताईंचं बी.एड. झालेलं होतं. एम.ए. दूरशिक्षणाने करता येतं. घरी अभ्यास, असाइनमेंट, रविवारी केंद्रावर जायचं, परीक्षा द्यायची.

"त्यात रोजची हजेरीच नसते," मी म्हणाले. "म्हणून खोटीही लागत नाही. शाळेकडून परवानगीचं पत्र मात्र आधी घ्या."

"अन् त्याले किंमत काय?" बडे बाबू म्हणाले. "एम.एड. ते एम.एड."

"किंमत जाहिरातीत लिहिलेली असते, बडे बाबू." काउंटरवर विचारणाऱ्यांसाठी मी बी.एड. कॉलेजांच्या भरतीच्या जुन्या जाहिराती प्रिंट करून ठेवल्या होत्या. त्या पुढे केल्या. काही पदांसाठी बी.एड. आणि एम.ए. एज्युकेशन चालत होतं. काहींसाठी एम.एड.च हवं होतं. मी दोन्हीवर खूण केली होती. "ताई, यातली ही पदं तुम्हाला मिळणार नाहीत. हेही पाहून घ्या. आणि टक्केवारीची, नेट परीक्षेची अट वेगळी आहे. नियम बदलतात. दर वेळी जाहिरात वाचायची."

वैशालीताईंनी प्रिंट घडी करून पर्समध्ये ठेवले. सही केली नाही. जाताना वडील काउंटरपाशी थांबले.

"झेरॉक्सचं खोटं बोलल्या तुम्ही."

"हो, काका."

"परत नका बोलू. सीधं सांगत जा. पन या डाव चालते."

ती जागा रिकामी राहिली. आणखीही राहिल्या, पण कोर्स त्या वर्षी बंद झाला नाही. मला काउंटरवरून काढून लायब्ररीत पाठवलं गेलं. तिथे पुस्तकांवर नंबर चिकटवायचे आणि कोणाशी बोलायचं नाही. सरांना ती शिक्षा वाटली असावी. मी तसं वाटू दिलं.

वैशालीताईंनी शाळेची परवानगी घेऊन एम.ए.ला नाव घातलं. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागायच्या सुमारास त्यांची मान्यतेची फाइल वर गेली. त्यांनीच फोन करून सांगितलं. टेबलावरच्या माणसाने अनुभवाचा कागद आणि एम.ए.चा कागद शेजारी शेजारी ठेवले, तारखांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "हे शिकल्या कधी? शाळेत कोण होतं तेव्हा?"

"मीच होती, म्हटलं. अन् परवानगीचं पत्र काढून दिलं," वैशालीताई म्हणाल्या. "त्यानं वाचलं, टिक केली, पुढची फाइल घेतली. बस, एवढंच. मान्यता आली, मॅडम."

त्यांच्या शाळेतल्या ज्या दोघांचं उदाहरण त्यांनी दिलं होतं, त्यांच्या फाइलींचं काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

त्यानंतर एका दुपारी बडे बाबू लायब्ररीत आले. इकडेतिकडे पाहिलं, मग काखेतली फाइल माझ्या टेबलावर ठेवली. त्यांच्या सुनेची होती. शाळेत शिकवत होती, पुढे शिकायचं म्हणत होती.

"आपल्या इथंच घालून द्या ना एम.एड.ला," मी म्हणाले. "नॉन-अटेंडिंग."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, टोमणे मारू नका. ते दोन रेघांचं बनवून द्या."

मी बनवून दिलं. आता काउंटरवर परत आले आहे. कोणती डिग्री चांगली, असं कोणी विचारलं की आधी मी उलट विचारते: पुढची दोन वर्षं सोमवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही कुठे असाल? बहुतेकांना उत्तर लगेच माहीत असतं. डिग्री त्यानंतर निवडायची.