चार भरत्या

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. कितीदा ओठापर्यंत आलं आणि ओसरलं. आज तुम्हाला सांगते आहे — आजच का, ते मला ठाऊक नाही.

आम्ही श्रीवर्धनकडचे कोळी. बाबा होडीसकट गेले, तेव्हापासून आईने पाण्यात पाय घातला नव्हता. खाडीपलीकडे मावशीचं घर, बोटीने जेमतेम पंधरा मिनिटं — पण आई म्हसळ्यावरून एसटीने अर्धा दिवस वळसा घालून जायची. आणि त्याच आईने, लंडनला असलेल्या धाकटीला दिवस गेले तेव्हा, मुकाट्याने पासपोर्ट काढून घेतला. लेकीचं पहिलं बाळंतपण. ती जाणारच होती.

मला तिने एकच विचारलं. अंगणातल्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती, माझ्याकडे पाठ. "भरती येऊन ओसरंपरत डोलं मिटून बसंन मी. तेवढ्यात पोचंन ना गो?"

आकडे मला पाठ होते. सकाळीच ऑफिसला जाताना मोबाइलवर पाहिलं होतं — मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर, नऊ-दहा तास. भरती येऊन ओसरायला बारा लागतात. त्यातही समुद्र सुरुवातीलाच दोन-तीन तास, पुढे बहुतेक जमीनच. 'व्हय, पोचशील' — एवढंच तर म्हणायचं होतं. जड होतं का ते?

मी म्हणाले, "चार भरत्या, आये. अन् खाली समदं पानीच हाय."

तिचे हात थांबले. मग पुढचा बोंबील तिने उचलला. "मंग ऱ्हाऊंदे," म्हणाली.

का म्हणाले मी तसं? माझी पोरं लहान होती. डबा, शाळा, दुखणीखुपणी — सगळं आई बघायची, म्हणून मी नोकरीवर जात होते. सहा महिने ती नसती तर माझे हाल झाले असते. बस, एवढंच. माझी दोन्ही बाळंतपणं मात्र तिनेच केली होती.

तिने एक कुंची शिवली, डिंकाचे लाडू केले आणि कुणा जाणाऱ्याबरोबर पाठवले. नात झाली. त्यानंतर आईला एक नाद लागला — दुपारी वरून विमान गेलं की पुळणीवर उभी राहून ते विरघळेपर्यंत बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मला सांगायची, "त्याच्या अजून दोन भरत्या ऱ्हायल्या." त्यातली माणसं तेव्हा आपापल्या घरी झोपलेली असायची. मी मान डोलवायचे. स्वप्नात मला अजून ते विमान दिसतं — पाणी संपतच नाही, आणि आई खिडकीशी डोळे गच्च मिटून बसलेली.

दोन वर्षांनी ती गेली. नातीला एकदाही मांडीवर न घेता.

मागच्या वर्षी मी धाकटीकडे गेले. खिडकीची जागा मिळाली होती. चहा येईस्तोवर समुद्र संपला. मग वाळू, डोंगर, बर्फ, शेतं. उतरले तेव्हा आमच्याकडची भरती पुरती ओसरलीही नसेल.

भाचीने ती कुंची आणून दाखवली. धाकटी ती घडी घालत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईला माझ्यापेक्षा पाण्याचंच भय मोठं होतं. नाही का गो ताई?"

मी हो म्हणाले.