दुसरी खाट

भागूजी कसे गेले, हे मी पुष्कळांना सांगितलं आहे. खात्यातल्या लोकांना सांगितलं, माझ्या बायकोला सांगितलं, त्यांच्या बायकोला सांगितलं. त्यातलं एक वाक्य मी दर वेळी खोटं सांगत आलो. खरं काय ते माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. आज तुम्हांला सांगायला बसलोय — आणि बसल्या बसल्या मन आडवाटेला पळतंय. तंबूंबद्दल सांगावं, त्या जुन्या दिवसांबद्दल सांगावं, असं वाटतंय. ठीक आहे. तिकडूनच येतो.

मी सरकारी नोकरीत ओव्हरसियर होतो. पाट कुठून न्यायचा, उतार कसा धरायचा, याची मोजणी करणं हे माझं काम. बाविसाव्या वर्षी लागलो तेव्हा माझ्या हाताखाली मोजणीची साखळी धरायला भागूजी होते. हाताखाली म्हणायचं आपलं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, आणि मला काही म्हणजे काही येत नव्हतं. तंबू वाऱ्याला पाठ करून कसा ठोकायचा, दोर संध्याकाळी थोडे सैल का सोडायचे, कडब्याच्या पेंढ्या किती जाड पसरल्या की पाठीला खडा टोचत नाही, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. सहा वर्षं आम्ही एकाच तंबूत राहिलो. एका चुलीवरचं खाल्लं. भागूजींनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली, मी मराठ्याच्या घरातला. तंबूत त्याचं कुणाला काही नव्हतं. मी त्यांना ‘भागूजीदादा’ म्हणत असे, ‘अहो’ म्हणत असे.

फक्त वरचे साहेब आले की ‘अरे भागूजी’ म्हणत असे.

हे त्यांच्या लक्षात येत नसेल? येतच असणार. साहेबांची जीप वळणावर दिसेनाशी झाली की मी पुन्हा ‘दादा’ म्हणायचो आणि ते ‘ओ’ द्यायचे. कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

मग मला पुण्यात कचेरीत टेबल मिळालं. दहा वर्षं नकाशे काढले, खुर्चीत बसून पोट सुटलं, कंबर धरायला लागली. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी हुकूम आला — न्हावऱ्याच्या बाजूला नव्या पाटाची आखणी, दोन-तीन महिने मुक्काम, तंबूत. बायकोनं कपाळाला हात लावला. मला मात्र आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? फक्त मनाशी एक पक्कं केलं : पूर्वीसारखं कडब्यावर लोळायचं नाही. या वेळी सगळं आरामाचं घ्यायचं.

सामान घ्यायला दौंडला जायचं होतं. मालधक्क्यापलीकडं खात्याचं पत्र्याचं गोदाम होतं. भागूजी दौंडचेच. सकाळी आठ वाजता ते दाराशी येऊन उभे. केस पांढरे झालेले, पायजम्याचे पाय वर दुमडलेले. मला बघून हसले.

“या रावसाहेब. कापूस भरलाय जनू तुमच्यात.”

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. मी दिसेल ते पसंत करत होतो आणि भागूजी काही हातचं सोडत नव्हते. प्रत्येक तंबू बाहेर उन्हात ओढायचे, मजुरांकडून चारी कोपरे धरवायचे आणि स्वतः आत शिरून वर बघत उभे राहायचे. डोक्यावर उजेडाचे ठिपके दिसले की तंबू बाद. तीन बाद केले. चौथा दुहेरी कापडाचा निघाला. दुपारी आत भट्टी होणार नाही, म्हणाले. तो माझ्यासाठी. मच्छरदाणीची भोकं बोट घालून पाहिली. घडीची खुर्ची बसून पाहिली. गादी उन्हात आपटली, तेव्हा तिच्यातून उंदराची दोन पिल्लं पडली. ती गादी बाजूला ठेवून दुसरी काढली. “तुमची कंबर न्हाई ना आता पैल्यावानी,” म्हणाले. मी ऐटीत उभा. कुणीतरी आपल्या सुखासाठी एवढं खपतंय, हे बघायला फार बरं वाटतं हो.

घडीच्या कापडी खाटा सात-आठ होत्या. बहुतेकांचं कापड कुजलेलं. धड निघाल्या दोनच. पहिली माझी. दुसऱ्या खाटेवर भागूजी, नीट आहे का बघायला म्हणून, स्वतः आडवे झाले. पाय लांब केले, डोळे मिटले. क्षणभर तसेच पडून राहिले. मग उठले, खाटेवरची धूळ झटकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

“रावसाहेब, औंदा मला बी एक खाट घ्या की. गुडघं लई धरत्यात. खालनं उठाया व्हत न्हाई.”

सोळा वर्षांत त्या माणसानं माझ्याकडं स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ते एवढंच.

मी म्हटलं, “घ्या की दादा, विचारता काय!” गोदामवाल्याकडून दोन्ही खाटा लिहून घेतल्या. ट्रक केडगावावरून, चौफुल्यावरून भीमा ओलांडून न्हावऱ्याकडं निघाला, तेव्हा भागूजी मागं सामानावर बसले होते, त्या खाटेला टेकून.

चार दिवस ते त्या खाटेवर झोपले. त्यांचा तंबू माझ्या तंबूपासून वीस पावलांवर, लहानसा, एकेरी. सकाळी चहा घेऊन यायचे ते ताजेतवाने. “लई झ्याक झोप लागती,” म्हणायचे.

पाचव्या दिवशी निरोप आला की उपअभियंता साहेब पाहणीला येणार.

आता इथं मी अडखळतो. इथं काय झालं ते मी स्वतःलाही कितीतरी वर्षं नीट सांगितलं नाही. साहेब येणार म्हटल्यावर मी मुक्कामावरून एक नजर फिरवली. नकाशे, दुर्बीण, मोजणीची वही, सगळं जागच्या जागी. आणि भागूजींच्या तंबूचं दार उघडं होतं, आत खाट. माझ्या मनात आलं : साहेब काय म्हणतील? ओव्हरसियरला खाट आणि साखळीवाल्यालाही खाट? आणि साखळीवाला कोण, हे साहेबांना ठाऊक होतं. मी जात मानत नाही असं चारचौघांत म्हणणारा माणूस. त्या दिवशी मला काय वाटलं ते सांगतो : मला लाज वाटली. त्यांनी खाटेवर झोपण्याची मला लाज वाटली.

मी खाट उचलून माझ्या तंबूत आणवली. भागूजींना म्हटलं, “आजच्या दिवस नकाशे ठेवायला हवी.” ते म्हणाले, “घ्या की.”

साहेब आले. चहा प्यायले, आखणी पाहिली, तासाभरात गेले. तंबूंकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग खाट परत का दिली नाही? बघा — एवढा साधा प्रश्न. उत्तर त्याहून साधं. ती मला सोयीची झाली होती. जमिनीवर ठेवलं की नकाशांना वाळवी लागायची. खाटेवर ते छान पसरून राहायचे. वर माझे कपडे, दाढीचं सामान, टॉवेल. माझा तंबू घरासारखा दिसायला लागला. उद्या देऊ म्हणत आठवडा गेला. वीस पावलांवर एक पन्नाशीकडं झुकलेला माणूस सतरंजीवर झोपत होता आणि सकाळी उठताना तंबूच्या खांबाला धरून उठत होता. ते मला माझ्या गादीवरून दिसायचं.

आठव्या दिवशी त्यांनी विचारलं. मोजणीवरून परत येताना, चालता चालता.

“रावसाहेब, ती खाट...”

“तिचं कापड उसवलंय, दादा,” मी म्हटलं. “शिवायला टाकायचीय.”

“मग द्या की हिकडं. सुई-दोरा हाय माझ्यापाशी. आत्ता टाकतो शिवून.”

“राहू द्या,” मी म्हटलं.

ते थांबले. माझ्याकडं पाहिलं. कापड कुठंही उसवलेलं नव्हतं. गोदामात त्यांनीच बोटांनी शिवण अन् शिवण तपासली होती, मीच समोर होतो. मी त्यांच्या डोळ्यांत पाहू शकलो नाही. ते “बरं” म्हणाले आणि साखळी खांद्यावर नीट करून पुढं चालू लागले. पुन्हा विषय काढला नाही. चहा वेळेवर येत राहिला.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी सकाळी चहा आला नाही.

मी बाहेर आलो तर भागूजी तंबूच्या दाराशी पोट धरून बसले होते. “रावसाहेब, पोटात कळ मारतीया. घोट बी उतरंना घशाखाली.” डोळे अर्धे मिटलेले. पापण्या जड, झोपेतून उठवल्यासारखे. मी काय विचार केला असेल? सांगतो. मला वाटलं, खाटेचा राग आहे, सोंग करताहेत. मी म्हटलं, “पडून राहा आज.” आणि न्हावऱ्याचे दोघे मजूर घेऊन मोजणीला निघून गेलो.

दोन तासांनी परतलो तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. पापण्या उघडतच नव्हत्या. एका मजुरानं त्यांना उठवायला सतरंजी ओढली, तर तिच्या दुमडीत काळाभोर, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे असलेला साप. मण्यार. झोपेत चावते, कळतसुद्धा नाही.

दुधाची गाडी शिरूरकडं चालली होती, ती हात करून थांबवली. कॅनच्या मधल्या जागेत मी त्यांना मांडीवर घेऊन बसलो. मी “दादा, दादा” म्हणत होतो. ते ऐकत होते. माझं बोट त्यांनी धरलं होतं, ती पकड हळूहळू सुटत गेली. शिरूर दिसायला लागण्याआधीच छाती हलायची थांबली.

माणूस यानंतर रडत बसेल, नाही? मीही रडलो. पण त्यांना शिरूरच्या दवाखान्यात ठेवून दुपारी मुक्कामावर परतलो तेव्हा पहिलं काम काय केलं? दुसऱ्या खाटेवरचे नकाशे उचलले, कपडे उचलले, आणि ती खाट भागूजींच्या तंबूत नेऊ लागलो. एकट्याला जड जात होती. एका मजुरानं काही न विचारता दुसरं टोक धरलं. आम्ही ती तिथं, घडी घालून, कनातीला टेकवून ठेवली. तो मजूर माझ्याकडं न बघता निघून गेला.

संध्याकाळी साहेब आले. त्यांनी तंबूत डोकावून विचारलं, “खाट असताना हा माणूस खाली का झोपला?”

मी म्हटलं, “मी देत होतो, साहेब. त्यानं घेतली नाही. जमिनीवर झोपायची सवय होती त्याला.”

हेच ते वाक्य. मी ते कागदावर लिहूनही दिलं, खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी दौंडला हौसावहिनींच्या दारात उभा राहून तेच सांगितलं. भागूजींची बायको. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, मुलगा रेल्वेत नुकताच लागलेला. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझं वाक्य ऐकल्यावर त्यांचं रडं थांबलं. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

“म्या सांगितलं हुतं त्यांना,” त्या म्हणाल्या. “गुडघ्यानं बेजार झालाय, रावसाहेबांकडं खाट मागा, ते न्हाई म्हणायचं न्हाईत. आन् हितं तुम्ही आपनहून देत हुता तरी घेतली न्हाई? असला कसला हट्ट म्हनायचा?”

मी मान खाली घातली. ती मान बघून त्यांना वाटलं असेल, केवढं दुःख झालंय याला. त्यांनी उठून मला पाणी दिलं.

तेव्हा बोलता आलं असतं. त्या पाण्याच्या तांब्यापाशी बोलता आलं असतं. मी पाणी प्यायलो.

दोन वर्षांनी माझी बदली दौंडला झाली. मी कधीमधी त्यांच्याकडं जाऊ लागलो. का? मला अजून कळत नाही. त्यांना आनंद व्हायचा. आणि दर खेपेला, चहा ठेवता ठेवता, वहिनी नवऱ्यावर रागवायच्या. मेलेल्या माणसावर, जिवंत माणसावर रागवावं तसं. “हट्टीच हुते. माझं न्हाई ऐकलं, तुमचं तरी ऐकायचं. आपल्या हातानं गेले मला टाकून.” आजूबाजूच्या बायकांनाही तेच सांगायच्या. एकदा लेकाला बोलता बोलता म्हणाल्या, “बापावर जाऊ नगंस.” आणि तो खाली मान घालून हसला.

भागूजी हट्टी नव्हते. त्यांनी बायकोचं ऐकलं होतं. खाट मागितली होती — दोनदा मागितली होती. ती माझ्याजवळ होती आणि मी दिली नाही.

तो राग वहिनींना पुरून उरला. शेवटच्या आजारात लेक मला बोलवायला आला. मी गेलो. त्या फार वाळल्या होत्या. मला म्हणाल्या, “तवा तुम्ही लई केलंत त्यांच्यासाठी. त्यांना काय त्याची किंमत न्हाई.” लेक पलीकडं उभा होता. खोलीत आणखी कुणी नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, “जाऊ द्या, वहिनी.”

चार दिवसांनी त्या गेल्या. त्यांचं घर माझ्या खोलीपासून चालत सात मिनिटांवर होतं. दौंडला मी चार वर्षं होतो.