तारखा माझ्या, खातं त्याचं

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. नवरा सैन्यात, वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा. मी पलूसजवळच्या गावात सासूबाईंबरोबर राहायचे आणि शाळेत शिकवायचे. पाळीची तारीख लक्षात राहावी म्हणून मोबाईलमध्ये एक अ‍ॅप घेतलं होतं. मोबाईल नवऱ्यानंच दिलेला, त्यातलं खातंही त्यानंच उघडलेलं. त्याचा अर्थ मला एका मधल्या सुट्टीत कळला.

सुट्टी संपवून तो परत गेल्याला तीन आठवडे झाले होते. त्याचा फोन आला. जेवलीस का, एवढंही न विचारता म्हणाला, "चार दिवस वर गेलेत न्हवं? आईला सांगितलंय मी."

"तुमाला कसं कळलं?"

"माझ्या मोबाईलवर पण दिसतंय की सगळं."

तो आनंदात होता. मी बसल्या जागी ओढणी सारखी केली. त्या अ‍ॅपमध्ये मी नुसत्या तारखा भरत नव्हते. कधी रडू आलं, तो जवळ आल्यावर कधी दुखलं, तेही लिहीत होते. हे सगळं तो वाचू शकत होता, आणि त्याबद्दल एका शब्दानं कधी बोलला नव्हता.

घरी सासूबाईंनी शेवयांची खीर केली होती. "आजपास्नं घागर उचलायची न्हाई." तिसऱ्या दिवशी पाळी आली.  सासूबाई उठून शेजारी गेल्या आणि 'न्हाई' एवढंच सांगून आल्या. मला ते भिंतीपलीकडून ऐकू आलं.

मी अ‍ॅप काढून टाकलं. एक शंभर पानी वही घेतली आणि शाळेतल्या माझ्या कपाटात कुलपात ठेवली. रोज प्रार्थनेआधी दोन ओळी लिहायच्या: रक्त किती, कळा किती, झोप लागली का.  कुणी दारात आलं की वही मिटायची. घरी कपाटाची किल्ली पर्समध्ये आहे ना, हे दहादा चाचपायचे.

"मोबाईलात बगून सांग की, कवाची तारीख हाय?" सासूबाई विचारायच्या.

"आता मोबाईलात न्हाई ते."

पाच महिन्यांची पानं एकदम वाचली तेव्हा मीच घाबरले. पाळी कधी एकवीस दिवसांनी, कधी चाळीस. रक्त नऊ-नऊ दिवस. शनिवारी शाळा सुटल्यावर एकटीच एसटीनं सांगली गाठली. डॉक्टरबाईंनी वही शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "इतके दिवस अंगावर का काढलंत?"  तपासणीत थायरॉईड निघाला, रक्तही फार कमी होतं. गोळ्या सुरू झाल्या.

नवरा सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. दुखण्याचंही. तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला.

"वाचलं हुतं मी ते," तो म्हणाला. "काय बोलायचं कळलं न्हाई."

"मग आईंना सांगायचं बरं कळलं?"

तो उठून बाहेर गेला. संध्याकाळी परत येऊन म्हणाला, "मी आईशी बोललोय. आता तुला कुणी इचारणार न्हाई."

सासूबाई अजूनही विचारतात, फक्त हळू आवाजात. पाळी बरीच रुळावर आली आहे. मूल अजून नाही. नवऱ्याचा फोन आला की आधी पर्समधली किल्ली चाचपते, मग मी तो घेते.