नऊ नंबरच्या गप्पीदासाचं घरटं

मारोतीकाका आज सकाळी गेले. मी त्यांच्याशी दोनदा खोटं बोललोय.

शिरड शहापूरच्या माळावर ते मेंढरं चारायचे. मी तिथं पीएचडीसाठी गप्पीदास पक्ष्यांची गाणी रेकॉर्ड करायचो.

प्रश्न असा होता: कुणाची पिल्लं जास्त जगतात? ज्या नराला खूप गाणी येतात त्याची, की जो शेजाऱ्यांसारखीच गाणी गातो त्याची?

काकांना हे सांगितलं तर ते हसले. "गाणं सारखं असलं तर शेजारी वळखतो. भांडण कमी. मग लेकरायला किडे आणायला येळ मिळतो."

नऊ नंबरचा नर माझा लाडका. गाणी सगळ्यात जास्त, शेजाऱ्यांशी जुळणारं एकही नाही. बांधाच्या बिळात चार पिल्लं.

शेजाऱ्याचं गाणं स्पीकरवर लावून तो काय उत्तर देतो ते बघायचं होतं. नियम दहा मिनिटांचा. पण पठ्ठ्या नवीनच काहीतरी गायला लागला आणि मला हाव सुटली.

"सर, बंद करा ते. काहून तकलीफ देऊन राहिले? लेकरं हायेत त्याला."

"पाचच मिनिटं, काका."

तासभर तो स्पीकरशी भांडत राहिला.
तेवढ्यात घोरपड बिळात शिरली.
काका काठी घेऊन धावले, पण काही उरलं नव्हतं.

मी वहीत लिहिलं, 'नर नऊ. गाणी शेजाऱ्यांशी जुळत नाहीत. पिल्लं जगली नाहीत.'

काकांनी ते वाचून दाखवायला लावलं. "स्पीकरचं न्हाई लिवलं तुमी."

"लिहितो."

नाही लिहिलं. निकाल छान जुळत होता, गाइड खूश होते. नंतर काकांचे दोन फोन आले. "लिवलं का, सर?" दोन्ही वेळा मी चक्क हो म्हणालो. लाज वाटते.

आज त्यांच्या मुलाचा फोन आला. रडत म्हणाला, "आबा गावभर सांगायचे. सरानं सोताची चूक पुस्तकात छापली, असा माणूस म्या पाह्यला न्हाई."

तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय. जेवण गेलं नाही.

आत्ता गाइडना मेल केला. त्या घरट्याची नोंद निकालातून काढतोय, ते माझ्या स्पीकरमुळे गेलं, आणि हे प्रबंधात छापतोय. सबमिशन लांबेल. लांबू दे.

काका, तुम्ही जे गावभर सांगितलं ते आजपर्यंत खरं नव्हतं.
माफ करा. शेवटचा रामराम.