मोकळ्या दावणीचं दावं

लातूर जिल्हा नवा झाला होता, पावसाच्या खोडी मात्र जुन्याच होत्या. त्या दुष्काळी दिवसांत मी एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात नर्स होते. दवाखाना म्हणजे एक म्हातारी व्हॅन. कुणा परदेशी जोडप्याने तिच्यातून देश पाहिला आणि जाताना ती संस्थेला देऊन टाकली. आत झोपायला अरुंद बाकं, स्टोव्हपुरता ओटा, पाण्याची टाकी आणि धरायला छताला चामडी पट्टे. त्या जोडप्याचं देश पाहणं संपलं तोवर पट्ट्यांचा जीव गेला होता.

तसे पट्टे लातुरात मिळेनात. ड्रायव्हरमामांनी पलंगाची नवार लावून पाहिली, ती ताणून गुडघ्यापर्यंत आली. नायलॉनची दोरी लावली, तिने हात कापले. शेवटी जुनेच पट्टे शिवून पुन्हा टांगले. मी चिडायची. "मामा, तुमच्या पट्ट्यापेक्षा देवाला धरलेलं बरं!"

मामा मुखेडकडचे, शेतकरी घरातले. म्हणायचे, "शिष्टर, देवबी खड्डा आला की हात सोडून राहिलाय."

शिरूर अनंतपाळच्या पुढच्या एका गावात आमचं काम आटपत आलं होतं, तेवढ्यात एका घरून बोलावणं आलं. सून पहिलटकरीण, कळा सुरू, सुईणीने हात टेकलेले. मी तपासलं. बाळ आडवं होतं. ऑपरेशनशिवाय सुटका नव्हती, आणि ऑपरेशन लातुरातच होणार होतं.

व्हॅनमध्ये चढताना त्या पोरीने पट्टा धरला आणि तो तिच्या हातातच आला. दुसरा मी ओढून पाहिला, तोही तुटला. दुष्काळात तेरावा महिना! रस्ता म्हणजे नुसती चाकोरी. धरायला काही नसतं तर पोरगी पहिल्याच खड्ड्यात बाकावरून खाली आली असती. "दोर आणा कुणीतरी!" मी ओरडले. कुणीतरी विहिरीचा दोर आणला, पण विहीर आटल्यापासून तो उन्हात पडून होता. मामांनी हिसका दिला तसे त्याचे दोन तुकडे झाले.

तेव्हा सासू घरात गेली आणि खुंटीवरचं दावं घेऊन आली. चांगलं जाड, सुती, हळद-कुंकू लावलेलं. चारा नाही म्हणून त्यांनी उन्हाळ्यात बैलजोडी विकली होती. बैल विकला तरी दावं त्याच्यासोबत देत नाहीत. ते घरात राहिलं तर दावणीला पुन्हा जनावर येतं, असं मानतात. त्या घराकडे आता तेवढी एकच आशा टांगलेली होती.

दोन्ही हातांना धरायचं तर त्याचे दोन तुकडे करावे लागणार होते. मामा मागे सरले. "मावशी, ह्ये नगं. ह्ये कापलं तर दावण उठली म्हणायची."

"दावणीचं मला सांगू नगंस लेकरा," ती म्हणाली. "बैल गेले तवा मी हिच्या गळ्यात पडून रडले. ही गेली तर कुणाच्या गळ्यात पडू?"

तिने उंबऱ्यावर दावं धरलं आणि स्वतःच विळ्याने कापलं. तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. इतकी मोठी गोष्ट मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मामांनी ते तुकडे छताच्या कड्यांत दुहेरी ओवून निरगाठी मारल्या आणि स्वतः लोंबकळून पाहिलं. "आता बैल टांगला तरी तुटायचं न्हाई," म्हणाले आणि जीभ चावली.

सबंध वाट ती पोरगी त्या दाव्याला धरून होती. कळ आली की तिच्या मनगटाच्या शिरा टरारून फुगत, गाडी उसळली की तिचं अर्धं अंग अधांतरी होई. पण ती बाकावरून हलली नाही. सासू खाली पायाशी बसून तिच्या पोटऱ्या दाबत होती. लातुरात पोचलो तेव्हा तिची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघीही वाचल्या.

सासूला आत सोडलं तेव्हा मी दारातच होते. मला वाटलं, आधी नातीला घेईल. तिने पाळण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सुनेजवळ गेली आणि तिचे तळहात उलगडले. दाव्याचा पीळ कातडीत लालभडक उमटला होता. म्हातारी खाली वाकली आणि सुनेच्या हातांवर तिने कपाळ टेकवलं.