मोठीमायचं वाचन

लाखांदूरच्या आमच्या शाळेत पाचवीचा तास चालू होता आणि मुलं धडा मोठ्यानं, एका सुरात वाचत होती. दारात महादेव उभा दिसला. महादेव माझा चुलतभाऊ. आमचं गाव आंबागड, जिल्ह्याच्या त्या टोकाला; लाखांदूर या टोकाला. दोन एसट्या बदलून तो आला होता. मी बाहेर गेले तर म्हणाला, "इंदूताई, माय गेली." मग बराच वेळ तो शाळेसमोरच्या धानाकडे पाहत राहिला. धान तेव्हा पिवळं पडत आलं होतं. आत मुलांचं वाचन सुरूच होतं. मी त्यांना थांबवलं नाही. वाचणाऱ्याला मधेच थांबवलेलं तिला कधी आवडायचं नाही...

त्याला आता दीड महिना झाला. बापाच्या थोरल्या भावाच्या बायकोला आमच्या भागात मोठीमाय म्हणतात. महादेवची माय ही माझी मोठीमाय. तिचं नाव भागरथा. आमची दोन घरं एकाच अंगणात होती. मोठेबाबा शेती बघत आणि मोठीमाय गावातल्या इतर बायांसारखी बिड्या वळत असे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरीही मी आजवर पाहिलेल्या वाचकांत तिच्याइतकी मोठी वाचक मला दुसरी भेटली नाही. हे मी पुतणी म्हणून म्हणत नाही. मी मास्तरीण आहे, वाचणारी माणसं पाहणं हे माझं रोजचं काम आहे.

पुस्तकं आमच्याकडे आली ती एका गुरुजींमुळे. मोठीमायच्या घरातल्या पुढच्या खोलीत एक गुरुजी राहत असत. त्यांची बदली झाली, बैलबंडी सामानानं भरली आणि लाकडाचा एक खोका मागे राहिला. "पुढच्या खेपेला नेतो," म्हणून ते गेले, ते काही परत आले नाहीत. मोठीमायनं वर्षभर वाट पाहिली. उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून खोका विटांवर ठेवला, उन्हाळ्यात सगळी पुस्तकं अंगणात पसरून त्यांना ऊन दाखवलं. त्या उन्हात त्यांच्यात बसून ती एकेक पुस्तक हातात घ्यायची, वास घ्यायची, चित्र असलं तर पाहायची, ठेवून द्यायची. मी तेव्हा सातवीत होते. तिनं मला हाक मारली. "इंदू, तुले वाचता येते ना वो? मंग यात काय लिहून आहे ते सांग."

तिथून सुरुवात झाली. शाळेतून आले की मी तिच्या ओसरीवर बसे. मोठीमाय, पारबताबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत असत. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, त्यांचा जरासा आंबूस, जरासा जंगलाचा वास, कात्रीचा सारखा चालणारा आवाज... आणि समोर डोंगरावरचा जुना किल्ला. चार वाजले की त्या डोंगराची सावली खाली उतरू लागे, आधी शेतावर, मग आमच्या अंगणात, मग ओसरीच्या पायरीवर. सावली पुस्तकाच्या पानावर आली की वाचन थांबवायचं, असं ठरलेलं होतं. त्या खोक्यात काय नव्हतं? झाडपाल्याच्या औषधांचं पुस्तक होतं, ताऱ्यांची माहिती होती, कोणा एकाचं बोटीचा प्रवास करून आल्याचं वर्णन होतं. बोटीचं पुस्तक सगळ्यात आधी संपलं. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. पारबताबाईनं विचारलं, "केवढा असन वो तो? आपल्या बोडीएवढा?" बोडी म्हणजे गावाबाहेरचा आमचा छोटा तलाव. मोठीमायनं वळलेल्या बिडीला दोरा गुंडाळत शांतपणे सांगितलं, "बोडीच्या पलीकडलं झाड दिसते. समुद्राच्या पलीकडलं दिसत नाई, म्हनूनच त्याले समुद्र म्हनतेत." हे पुस्तकात नव्हतं. ऐकता ऐकता तिनंच ते शोधून काढलं होतं.

मग एक जाड कादंबरी निघाली. तिचं कव्हर गेलेलं, पहिली पानंही गेलेली, त्यामुळे नाव कळायला मार्ग नव्हता. एका विधवा बाईची गोष्ट होती, आणि तिची कृष्णी नावाची सात-आठ वर्षांची मुलगी. त्या कृष्णीवर ओसरीवरच्या सगळ्या बाया जीव टाकू लागल्या. उद्या काय येणार ते आदल्या दिवशी वाचून ठेवायची मला सवय लागली होती. एका सकाळी शाळेच्या वाटेवर, चालता चालता, मी बारावा भाग वाचला. त्यात कृष्णी तापानं जाते.

मी तिथंच थांबले. मोठीमायला लता नावाची मुलगी होती, माझ्याच वयाची. आम्ही दोघी एका ताटात जेवलेल्या. ती सात वर्षांची असताना भंडाऱ्याच्या दवाखान्यात तापानं वारली. त्यानंतर मोठीमायनं तिचं नाव घेतल्याचं मला आठवत नाही, आणि तिच्यासमोर दुसरं कोणी घेत नसे.

त्या दुपारी मी पुस्तक उघडलं, पानावर डोळे ठेवले आणि म्हणाले, "कृष्णीचा ताप उतरला. मग तिच्या आईनं तिला हवापालट म्हणून मामाच्या गावी पाठवलं." कात्र्या क्षणभर थांबल्या होत्या, त्या पुन्हा चालू लागल्या. "बरं झालं माय," पारबताबाई म्हणाली. हातातली बिडी मोठीमायनं न बांधताच सुपात ठेवली आणि डोंगराकडे पाहत राहिली.

मला वाटलं, सुटले. पण दोनच दिवसांनी ती विचारू लागली, "त्या पोरीचं काय झालं वो? तिकडून काही खबर नाई आली?" मग मी पत्रं रचायला लागले. पुस्तकातली आई पुढे पानोपानी रडत होती. मी वाचताना म्हणायची, लेकीच्या आठवणीनं रडते. आणि आठवड्यातून एकदा मामाच्या गावाहून कृष्णीचं पत्र यायचं. तिथं नदी होती. नदीवर पहाटे धुकं असायचं आणि धुक्यातून पांढरे बगळे एकामागोमाग निघायचे, जणू कोणी आतून त्यांना सोडतंय. कृष्णीनं बकरीचं एक पाटरू, म्हणजे पिल्लू, पाळलं होतं. ती पोहायला शिकली. सीताफळाच्या बिया पुरल्या, त्या उगवल्या. बाया हात चालवत ऐकायच्या आणि मधेच निरोप द्यायच्या, "तिले म्हना, थंडीत नदीत नको उतरू." मी मान डोलवायची, जणू निरोप पोचवणं माझ्या हातात होतं. ती पत्रं ऐकताना मोठीमायचे डोळे अर्धे मिटलेले असत. आज वाटतं, आम्ही सगळ्याच त्या वर्षी थोड्या झोपेत होतो, एकच स्वप्न पाहत होतो, आणि ते मोडायची कोणालाच घाई नव्हती... पुस्तक संपलं तेव्हा कृष्णी मामाच्या गावीच सुखात राहिली.

पुढे गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला. पहिल्या दिवशी पंधरा बाया गेल्या, महिन्याभरानं चार उरल्या. मोठीमाय त्या चारांत होती. सुपातल्या तंबाखूच्या भुकटीत ती बोटानं अक्षरं काढायची आणि पुसायची. अक्षरं जुळू लागली तशी तिची नजरच बदलली. साबणाचा कागद, तेलाचा डबा, एसटीची पाटी, काही म्हणून ती सोडेना. एसटीची पाटी ती इतका वेळ वाचायची की एकदा गाडीच निघून गेली. मोठेबाबा चिडले, तर म्हणाली, "गाडी गेली तं गेली. पन कोनती गेली ते मले समजलं ना."

मी तोवर भंडाऱ्याला मास्तरकीचं शिक्षण घ्यायला गेले होते, वसतिगृहात राहत होते. एका रविवारी दुपारी कोणीतरी निरोप आणला की गावाकडून बाई आल्यात. खाली गेले तर करंजाच्या झाडाखाली मोठीमाय. एकटी आलेली. मांडीवर दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी. दुपट्टा सोडला तर ती बिनकव्हराची कादंबरी.

"इंदू, कृष्णी मरते."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"बाराव्या पाठात मरते. तीनदा वाचलं मी. मले वाटलं, मलेच वाचता नाई येऊन राहिलं. मंग वर्गाच्या गुरुजीले दाखवलं. ते म्हनाले, बरोबर वाचलं बाई." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तुले ठाऊक होतं?"

"हो."

"मंग काहून?"

"तुले वाईट वाटीन म्हनून, मोठीमाय."

मग ती सांगू लागली. लता दवाखान्यात होती तेव्हा महादेव आठ दिवसांचा होता आणि मोठीमाय बाळंतीण, घराबाहेर पडता येत नव्हतं. मोठेबाबांनी भंडाऱ्याहून कोणाजवळ तरी चिठ्ठी पाठवली. "शेजारच्या बुढ्यानं वाचली अन् म्हनला, पोरगी बरी आहे, दोन दिवसांत येते. त्याच्या मनात खोट नव्हती, बाळंतिनीले कसं सांगाव म्हनून तसं म्हनला. मी तिचं फ्राक धुऊन वाळू घातलं वो. दोन दिवस वाट पाहिली. अन् ते चिठ्ठी माज्याच हातात होती. उलटी धरली का सुलटी, तेही मले समजत नव्हतं." तिनं पुस्तकावरून हात फिरवला. "म्हनून मी वाचाले शिकली. अन् पाहतो तं तूही तेच केलं."

मी रडत होते. ती रडत नव्हती. तिनं बारावा भाग उघडून माझ्यापुढे धरला. "वाच. जसं आहे तसं वाच."

मी वाचलं. करंजाची फुलं पडत होती, पानावर पडली की ती बोटानं बाजूला सारत होती. मी एक शब्द गाळला नाही. कृष्णी गेली त्या ओळीपाशी माझ्यानं पुढे वाचवेना, तेव्हा पुढच्या दोन ओळी तिनंच वाचल्या, अडखळत, अक्षराखाली बोट धरून. आणि तेव्हा ती रडली... भर दुपारी, वसतिगृहातल्या मुली येत-जात असताना, मोकळ्या गळ्यानं. मधेच म्हणाली, "लते... माये..." तेरा वर्षांत ते नाव मी तिच्या तोंडून प्रथम ऐकलं.

परतीची एसटी पाचला होती. स्टँडवर चालत जाताना ती म्हणाली, "आता ते पत्रं दे."

"ते पुस्तकात नाईत, मोठीमाय."

"ते मले समजलं. लिहून दे."

"खोटे आहेत ते."

"मले ठाऊक आहे ना आता. आता चालते."

मी दुरेघी वहीत, मोठ्या अक्षरांत, आठवतील तेवढी पत्रं लिहून पाठवली. नदी, धुकं, बगळे, सगळं. महिन्यानं तिचं पोस्टकार्ड आलं. तिनं आयुष्यात लिहिलेलं ते पहिलं कार्ड. त्यावर एवढंच होतं: "वही वाचली. मामाचं नाव दोन जागी अलग आहे. नीट कर." मी नीट केलं.

शेवटच्या पाच-सहा वर्षांत तर गल्लीतली सगळी पत्रं तिच्याकडेच यायची. वाचू शकणारी पोरं घरोघरी होती, पण बाया पत्र घेऊन भागरथाबाईकडे जात. ती आधी कागद पुरता वाचून घेत नसे. फोडायची आणि जे असेल ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची. त्यात आजारपण असो, सुनेची तक्रार असो, कोणाची मयत असो. लोक म्हणत, बाई फार कठीण आहे. पण पत्र आलं की पावलं तिच्याच ओसरीकडे वळत.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी त्या ओसरीवर एकटी बसले होते. पारबताबाई आली, आता पार वाकलेली. हातात अंतर्देशीय पत्र. माझ्यापुढे धरलं आणि भिंतीला टेकून बसली. तिच्या लेकीचं पत्र होतं. मी फोडलं आणि वाचलं. तांदूळ मिळाला, धाकट्याला खोकला आहे. जावई पुन्हा काम सोडून घरी बसले. माय, दिवाळीत मला यायला जमणार नाही, वाट पाहू नकोस. तिथं माझी जीभ जराशी अडली, पण मी वाचलं.

वाचून झालं. मी पत्राची घडी घालू लागले, तसा पारबताबाईनं माझा हात धरला.

"आनखी एक बार वाच."

"समजलं नाई काय, काकी?"

"समजलं ना. पन भागरथा दोनदा वाचे. म्हने, पयली बार खबर समजाले, दुसरी बार भेटाले."

मी घडी उलगडली. पारबताबाईनं डोळे मिटले. मी पहिल्या ओळीपासून, सावकाश, पुन्हा वाचायला लागले.